बाजारभावातील फेरफार हुडकण्यासाठी डेटा मायनिंग

शेअर, वायदे, चलन अशा बाजारांत कोणी मुद्दाम भाव चढवत किंवा पाडत असेल, तर त्याच्या खुणा ऑर्डरी आणि सौद्यांच्या नोंदींतून संगणकाने शोधण्याची पद्धत. नियामक संस्था, एक्स्चेंज आणि मोठ्या दलाली पेढ्यांचे देखरेख विभाग ती वापरतात.

फ्रँकलिन ॲलन आणि डग्लस गेल या अर्थतज्ज्ञांनी १९९२ साली फेरफाराचे तीन प्रकार केले: कंपनीच्या मूल्यावर परिणाम करणारी कृती, खोटी माहिती आणि निव्वळ सौदे. यांतला तिसरा सर्वांत चकवणारा. त्यात ना अफवा असते, ना खोटा ताळेबंद. सुटा पाहिला तर प्रत्येक सौदा सरळच दिसतो. संशय येतो तो सौद्यांच्या एकमेकांशी असलेल्या जुळणीवरून.

स्पूफिंगचेच पाहा. विक्रीची छोटी ऑर्डर लावायची, मग खरेदीच्या प्रचंड ऑर्डरी टाकून मागणी वाढल्याचा भास निर्माण करायचा. भाव वर सरकला, माल विकला गेला, की मोठ्या ऑर्डरी क्षणार्धात रद्द. अमेरिकेत मायकेल कोशिया या ट्रेडरला अशाच व्यवहारांबद्दल २०१५ मध्ये दोषी ठरवण्यात आले. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजवर त्याच्या छोट्या ऑर्डरींपैकी ३५.६१ टक्के पूर्ण झाल्या होत्या, मोठ्यांपैकी अवघ्या ०.०८ टक्के. अशी तफावत, रद्द होण्याआधी ऑर्डर किती वेळ टिकली आणि विरुद्ध बाजूला त्याच खात्याचे काय चालले होते, ही प्रणालीला पुरवायची मुख्य लक्षणे.

आपसातल्या गोल सौद्यांसाठी जाळ्याचे विश्लेषण करतात. खाती म्हणजे बिंदू आणि सौदे म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा मानल्या, तर तोच माल चार-पाच खात्यांतून फिरून मूळ जागी येताना वर्तुळ उमटते. त्या खात्यांचा पत्ता किंवा फोन नंबर एकच निघाला, तर संशय बळावतो.

कधी कधी जे नोंदींत नाही तेच बोलते. विल्यम क्रिस्टी आणि पॉल शुल्ट्झ यांनी नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारातले १९९१ मधले भाव तपासले. भाव डॉलरच्या अष्टमांशात सांगितले जात, पण १०० पैकी ७० शेअरांत विषम अष्टमांश (१/८, ३/८, ५/८, ७/८) जवळपास नव्हतेच, म्हणजे दोन भावांत निदान पाव डॉलरचे अंतर राही. खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर रुंद ठेवण्याची, हे भाव देणाऱ्या डीलरांची मूक सहमती असावी, असा संशय त्यातून आला. १९९४ मध्ये ही बातमी फुटताच काही बड्या शेअरांत विषम अष्टमांश एकाएकी दिसू लागले!

खरी अडचण खोट्या इशाऱ्यांची. समजा, एक लाख सौद्यांत दहाच लबाडीचे आहेत आणि पद्धत ९९ टक्के अचूक आहे. तरी हजारभर निर्दोष सौद्यांवर बोट ठेवले जाईल. बाजारात सतत भाव देणाऱ्या प्रामाणिक संस्थाही ऑर्डरी धडाधड रद्द करतात. त्यात सिद्ध झालेली प्रकरणे मोजकीच, त्यामुळे प्रणालीला शिकवायला नमुने अपुरे पडतात. म्हणून अनेक ठिकाणी नमुन्यांवर विसंबण्याऐवजी खात्याची तुलना त्याच्यासारख्याच इतर खात्यांशी करून वेगळेपण शोधतात.

शिवाय आकडे वर्तन दाखवतात, हेतू नव्हे. कोशियाच्या खटल्यातही आकड्यांच्या जोडीला त्याचा प्रोग्रॅम लिहून देणाऱ्याची साक्ष होती: मोठ्या ऑर्डरी आमिष म्हणून वापरायच्या आहेत, असे आपल्याला सांगितले होते.