गार्डन, अलेक्झांडर

(१७३० – १५ एप्रिल १७९१). वसाहतकालीन अमेरिकेतील वैद्य व निसर्गअभ्यासक. कोकणात घरोघरच्या अंगणात दरवळणाऱ्या अनंताचे शास्त्रीय नाव गार्डेनिया जॅस्मिनॉइडस. बागेत फुलते म्हणून ते गार्डेनिया, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते या डॉक्टरांचे आडनाव आहे. मूळ चीनकडच्या त्या झुडपाशी मात्र त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

गार्डन यांचा जन्म स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायर परगण्यात, एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात वैद्यकाचे धडे, मग काही काळ नौदलात शल्यवैद्याचा मदतनीस म्हणून नोकरी आणि त्यानंतर एडिंबरो. तेथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स ऑल्स्टन यांनी त्यांना झाडपाल्याची गोडी लावली. १७५२ मध्ये ते दक्षिण कॅरोलायनाला आले आणि पुढे चार्ल्सटन बंदरात त्यांनी बस्तान बसवले. त्याच शहरात याच नावाचे एक ज्येष्ठ पाद्रीही होते, आणि डॉक्टरांच्या मुलाचे नावही अलेक्झांडरच. त्यामुळे जुनी कागदपत्रे वाचताना हमखास गल्लत होते.

१७५४ साली ते उत्तरेकडे प्रवासाला गेले. न्यूयॉर्क वसाहतीतील अधिकारी व वनस्पतिअभ्यासक कॅडवॉलडर कोल्डन यांच्या घरी त्यांना स्वीडनच्या कार्ल लिनीअस यांचे, म्हणजे प्राण्यांना व वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणाऱ्या शास्त्रज्ञाचे, ग्रंथ चाळायला मिळाले आणि वनस्पतिसंग्राहक जॉन बार्ट्रम यांची गाठ पडली. घरी परतल्यावर या विषयावर बोलायला शेजारीपाजारी कोणी नव्हते. ती भूक मग पत्रांनी भागवली. लंडनचे व्यापारी व निसर्गअभ्यासक जॉन एलिस यांच्याशी आणि त्यांच्यामार्फत थेट लिनीअसशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. इंग्लंड-फ्रान्स युद्धाच्या त्या काळात फ्रेंचांनी जहाज पकडले, की पत्रे आणि नमुने दोन्ही गेले म्हणून समजायचे.

दिवसाचा बहुतेक वेळ अर्थात रोग्यांत जाई. १७६० मध्ये चार्ल्सटनमध्ये देवीची मोठी साथ आली, तेव्हा शहरातल्या इतर डॉक्टरांबरोबर त्यांनीही टोचणीचे काम केले. ही टोचणी म्हणजे आजची लस नव्हे. रोग्याच्या फोडातला द्रव निरोग्याच्या कातडीत घालून सौम्य देवी मुद्दाम आणायच्या, असा तो प्रकार. त्यात काही माणसे दगावतही. जंतांवर पिंकरूट नावाच्या वनस्पतीचे मूळ द्यावे, असाही त्यांचा आग्रह होता. ते औषध तिथल्या मूळ रहिवासी चेरोकी लोकांना आधीपासून ठाऊक होते.

गार्डन यांचे खरे कर्तृत्व पाणथळ जागी सापडते. कॅरोलायनाचे मासे त्यांनी लिनीअसकडे पाठवले ते वनस्पतींसारखे दाबून. मासा उभा चिरायचा, एका बाजूचे कातडे पर आणि शेपटीसकट अलगद सोडवायचे, ते वाळवायचे आणि कागदावर डकवायचे. दारूच्या बरणीपेक्षा हे हलके आणि सांडण्याची भीती नाही. असे अर्धे मासे लंडनच्या लिनीअन सोसायटीत आजही आहेत, आणि लिनीअसच्या ‘सिस्टेमा नॅच्युरी’ या वर्गीकरणाच्या ग्रंथाच्या १७६६ च्या आवृत्तीत कॅरोलायनाच्या माशांपुढे गार्डन यांचे नाव वारंवार येते. संग्रहाचे सगळे श्रम मात्र त्यांचे एकट्याचे नव्हते. बहामाकडचे मासे आणायला त्यांनी एका कृष्णवर्णी गुलामाला धाडले होते. परतीच्या वाटेत ते मासे नासले. त्या माणसाच्या नावाने कोणत्याही जातीचे बारसे झाले नाही.

एका प्राण्याने तर लिनीअसलाही कोड्यात टाकले. चिखलात राहणारा, वामसारखा लांबोडका, अडीच-तीन फुटांपर्यंत वाढणारा. पुढे दोन इवले पाय, मागे पायच नाहीत. कल्लेही आहेत आणि फुप्फुसेही. ही कुठल्याशा सरड्याची अळी असावी, अशी शंका युरोपात निघाली. गार्डन यांनी ती मानली नाही: हिच्यातून निघेल एवढा मोठा सरडा या मुलखात आहेच कुठे? लिनीअसने अखेर त्याला सायरन लॅसर्टिना हे नाव दिले आणि त्याच्यासाठी वेगळा गणच मांडला. पुढे १७७४ मध्ये सुरिनामहून एका खलाशाने विजेच्या वामी चार्ल्सटनला आणल्या, तेव्हा त्यांचेही वर्णन गार्डन यांनी लिहून एलिसकडे पाठवले.

नावांचा मामला मात्र उलटसुलट झाला. कोल्डन यांची कन्या जेन हिने एका रानवनस्पतीला गार्डेनिया म्हणावे असे सुचवले होते. ते टिकले नाही. गार्डन यांनी स्वतः पाठवलेल्या एका झाडाला एलिसने इंग्रज शास्त्रज्ञ स्टीव्हन हेल्स यांचे नाव देऊन हॅलेशिया केले. आणि मूळचे चीनकडचे, पण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून इंग्लंडच्या एका बागेत आलेले सुगंधी झुडूप, जे गार्डन यांनी पाठवलेलेच नव्हते, ते झाले गार्डेनिया. मित्रांची नावे झाडांना वाटतो, या टीकेच्या भीतीने लिनीअसने आधी आढेवेढे घेतले होते. आपल्याकडची डिकेमाली याच प्रजातीतली. तिचा डिंकही लहान मुलांना जंतांवर देत आले आहेत. पिंकरूटवाल्या डॉक्टरांना हा योगायोग आवडला असता.

१७७३ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. अमेरिकन क्रांतीत त्यांची निष्ठा ब्रिटिश राजाशी राहिली. मुलगा मात्र बंडखोरांच्या सैन्यात गेला. १७८२ मध्ये त्यांची मालमत्ता जप्त झाली, हद्दपारीचा हुकूम निघाला आणि ते लंडनला गेले. मुलाने आपल्या लेकीचे नाव गार्डेनिया ठेवले तरी आजोबांनी तिला पाहायचे नाकारले, अशी आख्यायिका सांगतात. क्षयाने लंडनमध्येच त्यांचे निधन झाले.

चिखलातलाच आणखी एक लांबोडका उभयचर त्यांनी पत्रव्यवहाराच्या अखेरच्या काळात लिनीअसला कळवला होता. त्याला नावही त्यांनीच सुचवले, ॲम्फियूमा. पण लिनीअस तोवर थकला होता. ती पत्रे १८२१ मध्ये छापली गेली, तेव्हा कुठे ते नाव जगापुढे आले.