स्थानिक नियोजनातील लोकसहभाग (गोवा)

गाव किंवा शहर कसे वाढावे, कोणती जमीन शेतीला राखावी, कुठला रस्ता रुंद करावा, कुठले जुने घर किंवा तळी जपावी आणि माणसाने पायी कुठून चालावे, या निर्णयांत तिथल्या रहिवाशांनी कायद्याने दिलेल्या वाटेने किंवा चळवळीतून घेतलेला भाग. गोव्यात तो ग्रामसभेत दिसतो, आराखड्यांवर नोंदवलेल्या हरकतींत आणि जाहीर सुनावण्यांत दिसतो, आणि हे सारे थकले की उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे दिसतो. लोकांची अनास्था ही इथली अडचण नाही. रविवारची ग्रामसभा भर दुपारपर्यंत चालते आणि माणसे उठत नाहीत, असे अनेक गावांत घडते. अडचण वेळेची आहे. लोकांना बोलावणे येते ते बहुधा नकाशा रंगवून झाल्यावर.

पूर्वपीठिका

जमिनीविषयी एकत्र बसून ठरवण्याची रीत गोव्यात पोर्तुगीज राजवटीपूर्वीपासून आहे. गावची जमीन गावकरीच्या, म्हणजे पुढे कोमुनिदाद म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या ताब्यात असे. शेते लिलावाने कसायला देणे, बांध दुरुस्त करणे, देवळाचा खर्च भागवणे ही कामे ती पाहत असे. ही लोकशाही मात्र नव्हती. मूळ गावकरी घराण्यांतील पुरुषांनाच त्यात स्थान होते. स्त्रिया, जमीन कसणारी कुळे आणि दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे मुंडकार बाहेरच राहिले. तरीही गावची जमीन ही गावाने मिळून सांभाळायची गोष्ट आहे ही जाणीव तिथून आली, आणि ती अजून जिवंत आहे. दिवाडी बेटावर दर ऑगस्टमध्ये होणारा बोंदेरांचा उत्सव वाड्यावाड्यांतील सीमेच्या भांडणांची आठवण म्हणून साजरा होतो. हद्द दाखवायला रोवलेले बावटे पाडण्याचा खेळ त्यात असतो.

मुक्तीनंतर १९६२ च्या नियमनाने ग्रामपंचायती आल्या. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतरचा गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. आज राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. बांधकाम परवाना पंचायत देते, पण त्याआधी नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता लागते. जमिनीचा झोन, म्हणजे ती कशासाठी वापरायची हे, ठरतो तो १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याखाली, राज्याच्या पातळीवर. म्हणजे गावाच्या हाती परवाना आहे, नकाशा नाही. पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ या वाटणीत आहे.

प्रादेशिक आराखडे आणि चळवळी

ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झालेल्या, राज्यभरातील जमिनीचा वापर २०११ पर्यंत ठरवणाऱ्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मध्ये डोंगरउतार, बागायती आणि जंगलालगतचे पट्टे वसाहतीसाठी खुले झाल्याचे लोकांच्या लक्षात आले. गोवा बचाव अभियान उभे राहिले, डॉ. ऑस्कर रिबेलो त्याचा परिचित चेहरा होते. डिसेंबर २००६ मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. वकील, वास्तुविशारद, शेतकरी, चर्चशी जोडलेले गट आणि देवस्थानांचे महाजन एकाच मागणीसाठी एकत्र आले, ही त्या काही महिन्यांची खरी कमाई. त्याच वर्षी विशेष आर्थिक क्षेत्रांविरुद्धच्या लढ्यात हीच माणसे पुन्हा भेटली आणि २००७ संपता संपता ती क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा झाली.

त्यानंतरचा प्रादेशिक आराखडा २०२१ वेगळ्या पद्धतीने तयार झाला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया उपाध्यक्ष असलेल्या कृती दलाने २००८ मध्ये मसुदा मांडला. गावोगावचे नकाशे पंचायतींत लावले गेले, गाव पातळीवर समित्या झाल्या आणि त्यांनी सूचना लिहून पाठवल्या. सर्व्हे नंबर हातात घेऊन माणसे नकाशापुढे उभी राहिली. इथे झर आहे, ही वाट देवळाला जाते, हे खाजन, म्हणजे खाडीलगतची बांध घातलेली शेतजमीन आहे आणि इथे भरतीचे पाणी चढते, असे त्यांनी सांगितले. खात्याच्या कचेरीत बसलेल्या माणसाला हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. जंगले, खाजने, भातशेते आणि पाणवठे यांना आराखड्यात पहिल्या दर्जाचे पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र मानले गेले. २०१० ते २०११ या काळात तालुक्यातालुक्याने तो अधिसूचित झाला. गावाने सांगितले एक आणि छापून आले दुसरे अशा तक्रारी तेव्हाच सुरू झाल्या, आणि त्या अनेक ठिकाणी खऱ्याही होत्या. २०१२ मध्ये नव्या सरकारने आराखडा स्थगित ठेवला; २०१८ मध्ये तो पुन्हा लागू झाला.

त्याच वर्षी नगर व ग्रामनियोजन कायद्यात कलम १६ब आले आणि एकेका जमिनीचा झोन अर्जावर बदलण्याची सोय झाली. विरोध आणि न्यायालयीन लढाईनंतर ते गेले. २०२३ मध्ये त्याच्या जागी आलेले कलम १७(२) आराखड्यातील अनवधानाने झालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी आहे असे सांगितले गेले. बदल करण्यापूर्वी लोकांकडून हरकती मागवण्याची पायरी त्यात नव्हती. राजपत्रात बदल छापून आल्यावरच शेजाऱ्याला कळे की समोरची भातशेती आता वसाहत झाली. मार्च २०२५ मध्ये गोवा खंडपीठाने या कलमाखालील नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९अ मध्ये ३० दिवसांच्या हरकतींची तरतूद आहे, पण बदल पुन्हा एकेका तुकड्याचाच होतो. वीस वर्षांपूर्वी अख्खा आराखडा समोर ठेवून भांडता येत होते. आता सर्व्हे नंबरागणिक राजपत्र वाचत बसावे लागते. नोकरी-शेती सांभाळणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

बृहत् पणजी नियोजन प्राधिकरण आले तेव्हा २०१८ मध्ये सांताक्रूझ आणि सांत आंद्रे भागातील गावे रस्त्यावर उतरली आणि ती गावे प्राधिकरणातून वगळावी लागली. २०२१ मध्ये किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याची मार्चमधील जाहीर सुनावणी लोकांना पुरते बोलू न दिल्याने वादात सापडली आणि जुलैमध्ये पुन्हा घ्यावी लागली.

ग्रामसभेचे बळ आणि मर्यादा

ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फलकावर लागते. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले जाते, आणि बऱ्याचदा पहिला तास त्यातच जातो, कारण गेल्या वेळी झालेला ठराव आपण बोललो तसा लिहिलेला नाही असे कोणीतरी उठून सांगते. हे वाद क्षुल्लक वाटतात, पण तसे नाहीत. पुढे न्यायालयात किंवा गटविकास अधिकाऱ्यापुढे उभे राहायचे झाले तर हातात तेवढाच कागद असतो. ठराव झाला म्हणून तो नगरनियोजन खात्यावर आपोआप बंधनकारक ठरत नाही. तरी मोठ्या प्रकल्पाविरुद्ध एकमुखी ठराव असला की पंचायतीला परवाना देणे जड जाते, आणि निवडणूक जवळ असेल तर आणखी जड.

भाषेचा अडसर मोठा आहे. सभेत माणसे कोकणीत बोलतात, मराठीतही बोलतात, आणि नकाशा, नियम, अधिसूचना हे सगळे इंग्रजीत असते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. तरीही झोन बदलाची सूचना साध्या मराठीत किंवा कोकणीत पंचायतीच्या फलकावर क्वचितच दिसते. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांत मराठी वृत्तपत्र घरोघर वाचले जाते. तिथे ही उणीव थेट सहभागावर येते.

जैवविविधता कायदा २००२ खाली पंचायतींत नेमलेल्या समित्या हे एक कमी वापरले गेलेले साधन आहे. लोक जैवविविधता नोंदवहीत गावातील देवराया, झरी, तळी, जुनी झाडे यांची नोंद होते. ती नीट झाली तर नियोजनाच्या नकाशाला आयता आधार मिळतो.

वारसा

जुने गोवे येथील चर्चे आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसास्थळ आहेत. त्यात सात वास्तू येतात. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. एवढा कडक कायदा असूनही संरक्षित क्षेत्रातील एका बांधकामाविरुद्ध २०२१ च्या अखेरीस लोकांना साखळी उपोषणाला बसावे लागले. राज्याच्या १९७८ च्या कायद्याखाली आणखी ५१ स्थळे संरक्षित आहेत.

पणजीतील फोंताइन्हास, सां तोमे आणि मळा हा भाग संवर्धन क्षेत्र आहे. रंगीत भिंती, बल्काव (दारापुढची बसायची ओसरी) आणि अरुंद गल्ल्यांमुळे तो देशभर ओळखला जातो, आणि त्याच कारणाने तिथल्या रहिवाशांचा जीव मेटाकुटीला आला आहे. दारातील पायरीवर बसून फोटो काढणारे, गल्ली अडवणाऱ्या गाड्या यांविषयी ते वारंवार तक्रार करतात. वारसा म्हटले की इमारतीचा दर्शनी भाग डोळ्यांपुढे येतो. आत राहणारी माणसे सोडून गेली तर उरेल ते वसलेले शहर नसेल. म्हणून इथल्या कोणत्याही आराखड्यात पहिला शब्द रहिवाशांचा असायला हवा.

यादीबाहेरच्या वारशाचे हाल जास्त. फोंड्यातील देवळांच्या जांभ्या दगडाच्या तळ्या, पिंपळपार, घुमट्या, वाटेकडेचे क्रूस, खाजनांची मानशी (भरतीचे पाणी अडवणारी दारे) यांतील बहुतेक गोष्टी कोणत्याच अनुसूचीत नाहीत. मार्च २०२५ मध्ये पर्वरीच्या उड्डाणमार्गासाठी खाप्रेश्वराचा जुना वड आणि देवस्थान हलवण्यात आले. भाविक आणि वृक्षप्रेमी दोघेही विरोधात उभे होते. रस्त्याची आखणी होताना, कागदावर रेघ बदलणे स्वस्त असताना, त्यांना कोणी बोलावले असते तर यंत्रे दारात आल्यावरचा तो संघर्ष कदाचित टळला असता.

पायी आणि सायकलने

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातील सुमारे ४५ टक्के घरांत मोटारगाडी आढळली; देशात हे प्रमाण सर्वाधिक होते. जिथे जवळपास निम्म्या घरांत गाडी आहे तिथे चालणाऱ्याची गैरसोय सभागृहात लवकर पोहोचत नाही. पण शाळेची मुले, बाजारकरणी, बसने येणारे कामगार आणि वृद्ध चालतातच.

गोव्याची जुनी पायवाट पाण्याच्या कडेने जाते. खाजनाचा बांध समुद्राचे पाणी अडवतो आणि त्याच वेळी एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जायचा रस्ताही असतो. तिसवाडी आणि सासष्टी तालुक्यांत माणसे अजून या बांधांवरून चालतात, सायकल दामटतात. बांध फुटला की शेतही जाते आणि वाटही जाते, आणि दुरुस्तीची जबाबदारी कुळांच्या संघटनेची, कोमुनिदादची की सरकारची यावर पावसाळाभर चर्चा चालते. पणजीला रायबंदरशी जोडणारा तीन किलोमीटरांहून लांब दगडी सेतुमार्ग १६३० च्या दशकातील आहे. एका बाजूला मिठागरे आणि दुसरीकडे मांडवी असा तो चालायला किती सुंदर, पण वाहनांच्या रांगेत चालणाऱ्याला त्यावर सुरक्षित जागा नाही. दिवाडीला अजून फेरीबोटच नेते, आणि त्यामुळेच त्या बेटाचे रस्ते सायकलस्वारांना आवडतात.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ने-आण हे उद्दिष्ट मानले. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या निकषांत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळारहित पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. मडगाव, म्हापसा किंवा फोंडा बाजारात हा निकष लावून पाहिला की पदपथ खांबाशी, गाड्याशी किंवा उघड्या गटाराशी संपतो.

पणजीची निवड २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानात झाली. काम कंपनी कायद्याखाली स्थापलेल्या स्वतंत्र कंपनीकडे गेले. २०२३ आणि २०२४ मध्ये एकाच वेळी अनेक रस्ते खणले गेले, धुळीने दुकाने आणि घरे भरली, चालणे अवघड झाले. त्याविरुद्ध याचिका झाली आणि न्यायाधीशांनी स्वतः कामांच्या जागी जाऊन पाहणी केली.

शहरांतील पोकळी

गावात ग्रामसभा आहे. शहरात तिच्या तोडीचे काही नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्या असलेल्या शहरांसाठीच, आणि गोव्यातील एकही शहर त्या आकड्याच्या जवळपास नाही. २०११ च्या जनगणनेत पणजीची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. पणजी महापालिकेचे ३० प्रभाग आहेत, म्हणजे नगरसेवकामागे सरासरी तेराशेच्या आसपास माणसे. एवढ्या लहान प्रभागात सगळ्यांना एका सभागृहात बसवता येईल. तरीही पणजीतल्या सांतिनेज भागातील माणसाला आपल्या गल्लीतील पदपथाविषयी मत नोंदवायचे तर नगरसेवकाचे घर गाठावे लागते, नियोजन प्राधिकरणाच्या हरकतींची मुदत पाहावी लागते किंवा वकील शोधावा लागतो. राज्याने कायद्यात दुरुस्ती करून पालिका क्षेत्रांत प्रभाग सभा सुरू करायला घटनेची आडकाठी नाही. तीन लाखांखालील शहरांत त्या घ्यायच्या की नाही हे राज्यावर सोडलेले आहे.