सिग्नल पूर्ण, तरी वायफाय संथ का?

फोनवरची वायफायची खूण पूर्ण भरलेली दिसते आणि तरीही एखादे साधे पान उघडायला मिनिटभर लागते, हा अनुभव बेळगावच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना किंवा निपाणीच्या एखाद्या लॉजमध्ये उतरणाऱ्या व्यापाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी ‘लाइन डाउन आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो आणि जागेचे चालक पुढच्या महिन्यात अधिक वेगाचा, अर्थातच अधिक महागाचा प्लॅन घेतात. हा वाढीव खर्च पुष्कळदा वाया जातो. ती भरलेली खूण राउटरच्या लहरी आपल्यापर्यंत किती तीव्रतेने पोहोचतात एवढेच सांगते. त्याच राउटरशी त्या क्षणी आणखी किती उपकरणे बोलू पाहत आहेत, हे तिला ठाऊक नसते.

गर्दी चार ठिकाणी होऊ शकते : फोन आणि राउटर यांच्यामधल्या हवेत, राउटरच्या आतल्या रांगेत, राउटरपासून बाहेर जाणाऱ्या केबलवर, किंवा ज्या संकेतस्थळाकडे आपण जात आहोत त्या दूरच्या सर्व्हरवर. एसएसएलसी (दहावी) किंवा पीयूसी (बारावी) यांच्या निकालाच्या दिवशी निकालाचे पान उघडत नाही, पण बाकी सगळे सुरळीत चालते, तेव्हा दोष चौथ्या ठिकाणी असतो आणि त्यावर आपल्या हातात काहीही उपाय नसतो. उरलेल्या तिघांपैकी सार्वजनिक जागी सर्वांत जास्त छळते आणि सर्वांत कमी समजते ती हवेतली गर्दी.

वायफायमध्ये एका चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या एका ठरावीक पट्टीवर, एका वेळी एकाच उपकरणाने बोलायचे असते. दोघे एकदम बोलले तर दोघांच्याही लहरी एकमेकींत मिसळतात आणि कोणाचेच पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, नीट पोहोचत नाही. हा प्रश्न वायफायहून जुना आहे. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारे ‘अलोहानेट’ सुरू केले, तेव्हा नियम अगदी साधा होता : वाटेल तेव्हा बोला, पोहोचले नाही तर थोड्या वेळाने पुन्हा बोला. गणित मांडल्यावर दिसले की अशा पद्धतीत चॅनेलची जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपास क्षमताच वापरात येते आणि बाकीचा वेळ टकरीत किंवा शांततेत जातो. वायफायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले ते ‘आधी ऐका, मग बोला’ हा सुधारलेला नियम घेऊन. प्रत्येक उपकरण हवा मोकळी आहे का ते पाहते, मग ० ते १५ यांपैकी एखादा आकडा मनाशी काढते, आजच्या मानकांत साधारण ९ मायक्रोसेकंदांचा एक याप्रमाणे तेवढे ठोके थांबते आणि नंतर पॅकेट पाठवते. टक्कर झाली तर आकड्याची मर्यादा दुपटीने वाढते : ३१, ६३, असे करत १०२३ पर्यंत. खोलीत पाच फोन असतील तर ही व्यवस्था उत्तम चालते. पन्नास असतील तर टकरी वाढतात, टकरींमुळे थांबणे वाढते, आणि एकही अक्षर न पाठवता निघून जाणारा वेळ वाढत जातो. राउटरच्या खोक्यावर सेकंदाला ३०० मेगाबिट छापलेले असले तरी चांगल्या परिस्थितीतही त्यातले साधारण निम्मेच हाती लागते, ते याच कारणामुळे.

यात आणखी एक गोम आहे आणि माझ्या मते सार्वजनिक वायफायचे निम्मे दुखणे तिच्यात आहे. हा नियम प्रत्येकाला बोलण्याची समान संधी देतो, समान वेळ देत नाही. बसस्थानकावर विद्यार्थी पासची एकच खिडकी असावी आणि प्रत्येकाचा नंबर एकदाच लागावा, पण एखाद्याची कागदपत्रे अपुरी असल्यामुळे त्याच्या एकट्याच्या कामात दहा मिनिटे जावीत, तसे हे आहे. राउटरजवळ बसलेला फोन १०० मेगाबिटच्या वेगाने बोलत असेल तर १५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटचे पॅकेट तो ०.१२ मिलिसेकंदात हातावेगळे करतो. दोन भिंतींपलीकडे, जिन्याखाली बसलेला फोन क्षीण लहरींमुळे १ मेगाबिटवर उतरलेला असेल तर तेच पॅकेट पाठवायला त्याला १२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे शंभरपट. दोघांच्या पाळ्या सारख्याच असल्यामुळे कोपऱ्यातला तो एक फोन जवळच्या सर्वांचा वेग आपल्या पातळीकडे खेचतो. खानापूर भागातल्या जुन्या, जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या इमारतींत हे हमखास घडते, कारण तिथे एकाच राउटरवर पूर्ण वास्तू भागवण्याचा आग्रह असतो.

शेजाऱ्यांचाही यात वाटा असतो. भारतात रेडिओ लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि तेव्हापासून वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माउस असे सगळे त्यातच दाटीवाटीने राहतात. मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथलीच. चॅनेल १३ दिसत असले तरी ते एकमेकांवर चढलेले असतात आणि परस्परांना धक्का न लावता तीनच वापरता येतात : १, ६ आणि ११. गणपत गल्ली किंवा खडेबाजारसारख्या, भिंतीला भिंत लागून दुकाने असलेल्या भागात फोनवर वायफायची यादी उघडली तर वीस-पंचवीस नावे सहज दिसू शकतात. त्यातले प्रत्येक नाव साधारण १०२ मिलिसेकंदांनी एकदा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा, ‘मी येथे आहे’ अशी हाळी देते आणि सर्वांना ऐकू जावी म्हणून ती सर्वांत कमी वेगाने, बहुधा १ मेगाबिटने देते. ही हाळी ३०० बाइटची धरली तर एका वेळी २.४ मिलिसेकंद जातात, म्हणजे एका नावापायी दोन टक्क्यांहून अधिक वेळ खर्ची पडतो. एकाच चॅनेलवर दहा नावे असली तर कोणी काहीही न पाहताच जवळपास पाव वेळ संपलेला असतो. एकाच राउटरवरून ‘ऑफिस’, ‘गेस्ट’, ‘स्टाफ’ अशी तीन-चार नावे सोडण्याची हौस म्हणूनच टाळलेली बरी.

पावसाळ्यात वायफाय ‘ओले होते’ असा एक समज आपल्याकडे आहे. २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना इमारतीएवढ्या अंतरात पाऊस जवळजवळ काहीच करत नाही. मुसळधार पावसात बसस्थानकाच्या छपराखाली माणसे थांबून राहतात, प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि माणसाचे पाणीदार शरीर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषते. वेग मंदावतो तो या दोन कारणांनी. मात्र गावापर्यंत येणारी जोडणी केबलऐवजी टॉवरवरच्या मायक्रोवेव्ह तबकडीने आली असेल आणि ती १० गिगाहर्ट्झच्या वर चालत असेल, तर जोराच्या पावसाचा तिच्यावर खरोखर परिणाम होतो.

मग गर्दी कुठे आहे हे ओळखायचे कसे? त्यासाठी ‘पिंग’ नावाची साधी चाचणी पुरते : एखाद्या पत्त्याला साद घालायची आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहायचे. ती संगणकावर कमांड प्रॉम्प्टमधून आणि फोनवर मोफत ॲपमधून करता येते. आधी राउटरचा पत्ता पाहून घ्यावा, जो पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो, आणि त्यालाच पिंग करावे. ही साद इमारतीबाहेर जातच नाही. उत्तरे २, ३, २, ४ मिलिसेकंद अशी एकसारखी आली तर हवा मोकळी आहे. ती ३, १८०, ५, ९५, मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, मग पुन्हा ४ अशी उड्या मारत आली, तर गर्दी हवेत आहे आणि कितीही महागाचा प्लॅन घेतला तरी ती हटणार नाही. राउटरची उत्तरे शांत असतील, तर तशीच साद ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्याला घालावी. येथे आकडे ३० ऐवजी सतत ५००, ८०० असे दिसू लागले तर अडचण राउटरच्या बाहेरच्या टोकाला आहे. ही चाचणी सकाळी खोली रिकामी असताना आणि संध्याकाळी भरलेली असताना, त्याच खुर्चीवर बसून करावी, म्हणजे तुलना खरी ठरते. काही ठिकाणी राउटर पिंगला उत्तर न देण्यावर बेतलेला असतो. तेथे चालकाची मदत घ्यावी लागते.

बाहेरच्या टोकाची गर्दी पुष्कळदा अपलोडमुळे होते. एखाद्याचा फोन लग्नातले चारशे फोटो गुपचूप बॅकअपला पाठवत असतो, आणि राउटर ती पॅकेटे टाकून न देता रांगेत साठवत राहतो. अपलोडची क्षमता १० मेगाबिट आणि रांग १ मेगाबाइटची असेल, तर नव्या पॅकेटला पुढची रांग संपेपर्यंत ०.८ सेकंद थांबावे लागते, मग ते पॅकेट एका ओळीच्या संदेशाचे का असेना. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी या दुखण्याकडे २०१० च्या सुमारास जगाचे लक्ष वेधले आणि ते ‘बफरब्लोट’ या नावाने ओळखले जाऊ लागले. गंमत अशी की वेग मोजणाऱ्या ॲपमध्ये आकडा चांगला येतो आणि तरीही वापरणारा वैतागलेला असतो.

रांगा आणि पुनःपुन्हा पाठवणे यांनी काय होऊ शकते, याचा धडा इंटरनेटने ऑक्टोबर १९८६ मध्ये घेतला. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड, पण त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटपर्यंत कोसळला. पॅकेट पोहोचले नाही असे समजून प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवत होता आणि कोंडीत भर घालत होता. त्याच प्रयोगशाळेतील संशोधक व्हॅन जेकबसन यांनी यावर सुचवलेला, १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला उपाय आजही प्रत्येक फोनमध्ये चालतो : पॅकेट हरवले की घाई करायची नाही, उलट पाठवण्याचा वेग कमी करायचा. त्याच जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्यासह २०१२ मध्ये रांग आटोक्यात ठेवणारी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ असा पर्याय असेल तर तो चालू करणे हा नवा प्लॅन घेण्यापेक्षा स्वस्त आणि बहुधा अधिक गुणकारी उपाय आहे.

बसस्थानकासारख्या ये-जा असलेल्या जागी आणखी एक अडचण गर्दीचा वेष घेऊन येते. साधा राउटर साधारण अडीचशे आयपी पत्तेच (नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणारे क्रमांक) वाटू शकतो आणि दिलेला पत्ता पुष्कळदा २४ तास राखून ठेवतो. गोकाकची गाडी पकडून गेलेल्या प्रवाशाचा पत्ता उद्यापर्यंत अडकून राहतो, आणि दुपारनंतर येणाऱ्यांचे फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ यावर खिळतात. ही मुदत अर्ध्या तासावर आणली की काम भागते.

हवेतल्या गर्दीवर चालकाने करायच्या गोष्टी फारशा खर्चिक नाहीत. ऑफिसचा संगणक, प्रिंटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे केबलवर घ्यावेत, कारण कॅमेरा दिवसरात्र हवेतला वेळ खात असतो. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. १ आणि २ मेगाबिटसारखे जुने वेग बंद करता येत असतील तर करावेत. स्वस्तातले रिपीटर (राउटरच्या लहरी पुढे पोहोचवणारी उपकरणे) मात्र घेऊ नयेत : त्याच चॅनेलवर ते प्रत्येक पॅकेट दुसऱ्यांदा हवेत सोडतात आणि गर्दी वाढवतात. दुसरा राउटर हवाच असेल तर तो केबलने जोडून वेगळ्या चॅनेलवर लावावा. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जो भारतात २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणात खुला झाला, चॅनेल पुष्कळ आहेत; त्याच्या लहरी भिंतीत लवकर अडतात, पण दाट वस्तीत हा गुणच ठरतो, कारण शेजाऱ्याचा राउटर आपल्या खोलीत डोकावत नाही. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या वायफाय ६ मानकात २० मेगाहर्ट्झचा एक चॅनेल एकाच वेळी नऊ उपकरणांत वाटता येतो, मात्र त्यासाठी राउटर आणि फोन दोन्ही त्या मानकाचे असावे लागतात. जुना फोन जुन्याच पद्धतीने पाळीची वाट पाहतो.

वापरणाऱ्यासाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. राउटर दिसेल अशा जागी बसावे आणि यादीत ५ गिगाहर्ट्झचे नाव असेल तर तेच निवडावे. शिवाय फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड’ ठरवण्याची सोय असते. तसे केले की फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट घरी पोहोचेपर्यंत थांबून राहतात.