‘दिन’ आणि ‘दीन’: मराठी लेखनातील चुका आणि यंत्राचे वाचन

दरवर्षी ५ सप्टेंबरला सकाळपासून मोबाइलवर शुभेच्छा येऊ लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच संदेशांत ‘शिक्षक दीनाच्या हार्दीक शुभेच्छा’ असे लिहिलेले असते. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, लाचार, त्यामुळे एका वेलांटीने शिक्षकांची केविलवाणी अवस्था होते. चूक दाखवणारेही लगेच पुढे येतात, आणि संदेश पाठवणारा ओशाळून गप्प बसतो. मात्र ही चूक लाखो लोकांच्या हातून नेमकी याच जागी आणि नेमकी याच दिशेने का होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आळस किंवा अज्ञान एवढेच कारण असते, तर चुका कुठेही आणि कशाही झाल्या असत्या.

याचे उत्तर आपल्या उच्चारात आहे. मराठी बोलताना इ आणि उ या स्वरांची लांबी बहुतेक वेळा शब्दातील त्यांच्या जागेवरून ठरते. शब्दाच्या अगदी शेवटी आलेला स्वर आपण लांबवतो, आणि शेवटच्या व्यंजनाने बंद झालेला स्वरही लांबवतो. पुढे आणखी अक्षरे जोडली गेली की तोच स्वर आखडतो. ‘फूल’ हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा आणि लगेच ‘फुलाला’ म्हणा; ‘गरीब’ म्हणा आणि मग ‘गरिबाला’ म्हणा. लेखनाचे नियम अशा शब्दांत कानाचे म्हणणे तंतोतंत मान्य करतात. अडचण येते ती संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या तत्सम शब्दांत. त्यांचे लेखन संस्कृतप्रमाणे ठेवायचे असा नियम आहे, पण जीभ मात्र मराठी वळणानेच चालते. म्हणून आपण लिहितो ‘गुण’ आणि म्हणतो ‘गूण’, लिहितो ‘मंदिर’ आणि म्हणतो ‘मंदीर’. ‘दिन’, ‘हार्दिक’, ‘नागरिक’, ‘आर्थिक’ या सर्वांची हीच कथा आहे. ‘शिक्षक दीन’ लिहिणारा माणूस जे ऐकतो तेच प्रामाणिकपणे लिहीत असतो.

उलट दिशेची चूकही याच कारणाने होते. ‘उशीर’चे ‘उशिरा’ होते, म्हणून कोणी ‘शरीर’चे ‘शरिराला’ केले तर तो मराठीचाच नियम लावत असतो. ‘शरीर’ तत्सम असल्याने तिथे वेलांटी दीर्घच ठेवायची असते, आणि हे कळण्यासाठी शब्द कुठून आला हे ठाऊक असावे लागते. बोलणाऱ्याला शब्दाची वंशावळ ठाऊक असेल, असे गृहीत धरणारी ही व्यवस्था आहे.

आज आपण जे नियम पाळतो, त्यांतले १४ नियम मराठी साहित्य महामंडळाच्या शिफारशीवरून १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. या नियमांनी लेखन बरेच सोपे केले, याबद्दल शंका नाही. उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांनी काढून टाकले; ‘कवि’ आणि ‘गुरु’ यांच्या शेवटी उच्चाराप्रमाणे दीर्घ स्वर आणून ‘कवी’ आणि ‘गुरू’ केले. पण समासात ‘कविसंमेलन’ आणि ‘गुरुकुल’ ऱ्हस्वच राहिले. अर्धी वाट कानाच्या बाजूने आणि अर्धी संस्कृतच्या बाजूने, अशी ही तडजोड आहे, आणि सर्वाधिक चुका नेमक्या त्या सांध्यावर होतात. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मोडी लिपीत इ-उ यांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळला जात नसे, आणि तरीही शतकानुशतके महसूल, न्यायनिवाडा आणि सावकारी या लिपीत बिनबोभाट चालली. हा भेद म्हणजेच मराठी, असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

मग मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्यावर या भेदाचे एवढे काय बिघडते? पुष्कळ बिघडते, कारण तेथे आपला मजकूर माणसाच्या आधी यंत्र वाचते. यंत्राला अर्थ, संदर्भ आणि सवय यांच्या आधी केवळ क्रमांक दिसतात. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला स्वतंत्र क्रमांक आहे. ‘दिन’ हा शब्द साठवला जातो तो २३४२, २३६७, २३४४ असा. ‘दीन’ साठवला जातो तो २३४२, २३६८, २३४४ असा. दोन्हींत मधल्या क्रमांकाचा, तोही एकाच आकड्याचा फरक आहे. माणूस संदर्भावरून ही फट सहज बुजवतो. साध्या शोधयंत्राला मात्र हे दोन पूर्णपणे वेगळे शब्द आहेत, आणि त्याला दुसरे काही सांगितले नसेल तर एक शोधताना ते दुसरा दाखवणार नाही.

याहून गुंतागुंतीची गोष्ट म्हणजे डोळ्यांना अजिबात न दिसणारा फरक. आमच्या भागातील एका वाचनालयाची पुस्तकसूची संगणकावर उतरवण्याच्या कामात मी काही महिने होतो. सूची पूर्ण झाल्यावर आम्ही ‘दऱ्या’ हा शब्द शोधला, तेव्हा सह्याद्रीवरची काही पुस्तके आली आणि काही आलीच नाहीत. जी आली नाहीत त्यांच्या नावातही ‘दऱ्या’ अगदी तसाच दिसत होता. बराच वेळ आम्ही पडद्याकडे नुसते पाहत राहिलो. शेवटी अक्षरांचे क्रमांक उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. आडव्या रेघेसारखा दिसणारा हा अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात २३५३ क्रमांकाचा ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्ताची, म्हणजे अक्षराचा पाय मोडल्याची, खूण असते. दुसऱ्या प्रकारात नेहमीचा २३५२ क्रमांकाचा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह असते. आमच्यापैकी काहींचे कळफलक पहिला प्रकार वापरत होते आणि काहींचे दुसरा. लिहिणाऱ्यांपैकी कोणाचेही काही चुकले नव्हते, तरीही निम्मी पुस्तके हरवली होती.

हे अदृश्य चिन्ह एखाद्या प्रणालीने निरुपयोगी समजून गाळले, तर उरते काय? उरतो ‘दर्या’, म्हणजे समुद्र. डोंगरांमधल्या दऱ्यांचा दर्या होतो, आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’चे ‘आचार्यांना बोलवा’ होऊन स्वयंपाक करणाऱ्यांच्या जागी विद्वान येतात. हा भेद मराठीला नेहमी लागतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही. त्यामुळे देवनागरीसाठी केलेली सर्वसाधारण साधने नेमकी येथे फसतात.

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत तीच गत. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये २४१८ हा स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. तोपर्यंत लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत होते, आणि काही जण ‘ए’वर चंद्र असलेले ‘ऍ’ वापरत होते. त्यामुळे ‘ॲसिडिटी’ हा एकच शब्द आज तीन वेगवेगळ्या क्रमांकमालिकांनी लिहिलेला सापडतो. पहिल्या दोन मालिका बहुतेक टंकांत हुबेहूब सारख्या दिसतात.

अनुस्वाराकडे तर फार कमी लोक गांभीर्याने पाहतात, आणि माझ्या मते वेलांटीपेक्षा तोच अधिक महत्त्वाचा आहे. १९६२ पूर्वीच्या पुस्तकांत ‘घरांत’ हा शब्द ‘एका घरामध्ये’ या अर्थाने छापलेला असे. नियम बदलल्यावर तो अनुस्वार गेला आणि आता ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांमध्ये. ‘गावात पाणी शिरले’ आणि ‘गावांत पाणी शिरले’ या दोन बातम्यांमध्ये एका टिंबाचे अंतर आहे, पण मदत किती ठिकाणी पाठवायची हे त्या टिंबावर ठरू शकते. ‘शेतकऱ्याचे कर्ज’ आणि ‘शेतकऱ्यांचे कर्ज’ यांतही तेच आहे. वेलांटी चुकली तर वाचणारा बहुधा अर्थ सावरून घेतो. टिंब गळले तर सावरण्यासारखे काही उरतच नाही, कारण दोन्ही वाक्ये आपापल्या जागी बरोबर असतात. याची आणखी एक बाजू अशी की, जुनी पुस्तके आता संगणकावर येत आहेत आणि त्यांत ‘नांव’, ‘पांच’, ‘आंत’ अशी त्या काळी शुद्ध असलेली रूपे आहेत. आजच्या वाचकाने ‘नाव’ शोधले तर ती सारी पाने त्याला दिसत नाहीत.

शुद्धलेखन तपासणारी यंत्रे यावर उपाय का करत नाहीत, असे वाटणे साहजिक आहे. संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक डॅमेराउ यांनी १९६४ मध्ये संगणकावरील इंग्रजी मजकुरातल्या चुका तपासल्या, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक चुका एकाच साध्या फरकाच्या निघाल्या. एक अक्षर बदललेले, एक गळलेले, एक जास्तीचे किंवा शेजारची दोन अक्षरे उलटसुलट झालेली, एवढेच हे चार प्रकार होते. शब्द कोशात नसेल तर त्याच्यापासून एका फरकावर असलेले शब्द सुचवायचे, ही कल्पना तेव्हापासून तपासयंत्रांच्या मुळाशी आहे. मराठीत तिला दोन अडथळे येतात. पहिला म्हणजे ‘दीन’ कोशात आहेच, म्हणून यंत्राला चूक दिसत नाही. ‘शिर’ आणि ‘शीर’, ‘सलिल’ आणि ‘सलील’, ‘सुर’ आणि ‘सूर’ या जोड्याही तशाच. दुसरा म्हणजे मराठी शब्दाला रूपे फार. ‘घर’ या एका शब्दापासून घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा अशी माळ तयार होते, आणि ‘गरीब’सारख्या शब्दात प्रत्यय लागताना मूळही बदलते. हंगेरियनसारख्या प्रत्ययबहुल भाषेसाठी जन्मलेली ‘हनस्पेल’ ही शुद्धलेखन तपासणारी मुक्त प्रणाली म्हणूनच मराठीला जवळची वाटते, कारण तिच्यात शब्दांबरोबर रूपे घडवण्याचे नियमही देता येतात. नियम भरण्याचे काम मात्र मराठी जाणणाऱ्या माणसांनाच करावे लागते.

शोधासाठी वेगळी युक्ती आहे. ‘लुसीन’ या मुक्त शोधप्रणालीतील हिंदीची चाळणी शब्दांची अनुक्रमणी करतानाच दीर्घ ई-ऊच्या खुणा ऱ्हस्वात बदलून टाकते. मग वाचकाने कोणतीही वेलांटी दिली तरी शोध लागतो. अर्थातच ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच ढिगाऱ्यात येतात, पण चार नको असलेले निकाल जास्त आले तर वाचक ते ओलांडून पुढे जातो, हवे ते न आले तर ते अस्तित्वातच नाही असे समजतो.

आता माणसाकडे वळू. शब्दातील पहिले आणि शेवटचे अक्षर जागेवर असेल तर मधली कशीही असली तरी वाचता येते, असे ‘केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधना’च्या नावाने सांगणारा एक संदेश २००३ पासून फिरत आहे. तसे संशोधन केंब्रिजमध्ये झालेले नव्हते. पुढे २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी वाचकांवर प्रत्यक्ष मोजणी केली. अक्षरांची अदलाबदल शब्दाच्या मधोमध असेल तर वाचनाचा वेग सुमारे ११ टक्क्यांनी, शेवटी असेल तर २६ टक्क्यांनी आणि आरंभी असेल तर ३६ टक्क्यांनी घटला. म्हणजे चुकीचा मजकूर वाचता येतो हे खरे, पण त्याची किंमत वाचणारा मोजतो. लिहिणाऱ्याचे वाचलेले काही सेकंद हजार वाचकांच्या खात्यातून जातात.

दुसरी किंमत लिहिणाऱ्याला मोजावी लागते. मिशिगन विद्यापीठातील जूली बोलंड आणि रॉबिन क्वीन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ८३ जणांना भाड्याच्या घरात सोबत राहू इच्छिणाऱ्यांच्या ई-मेल वाचायला दिल्या होत्या. चुका असलेल्या ई-मेलच्या लेखकांना कमी पसंती मिळाली. व्याकरणाच्या चुका विशेष खुपल्या त्या स्वभावाने कमी मनमिळाऊ असलेल्या वाचकांना. आपल्याकडे तर या विषयाचे नावच ‘शुद्धलेखन’ असल्याने चुकणारा आपोआप ‘अशुद्ध’ ठरतो. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या घरातून आलेला विद्यार्थी चार ओळी लिहितो आणि त्याने काय म्हटले हे न पाहता त्याचा ‘न’ पकडला जातो. पुढच्या वेळी तो लिहीतच नाही. हे नुकसान वेलांटीच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठे आहे, आणि म्हणून अलीकडे भाषेचे अभ्यासक ‘प्रमाणलेखन’ हा शब्द वापरतात ते मला योग्य वाटते.

मित्राला पाठवलेल्या दोन ओळींत ‘हार्दीक’ असले तर ते तसेच राहू द्यावे. पण यादीतील नाव, सूचनेचा मथळा, पुस्तकाचे शीर्षक, गावाचा पत्ता या जागा वेगळ्या आहेत. तेथील लेखन हे शोधणाऱ्याच्या हातातील किल्ली असते. एका कागदावर ‘सुनीता’ आणि दुसऱ्यावर ‘सुनिता’ असेल तर त्या बाईला आपण एकच आहोत हे खिडकीवर उभे राहून सिद्ध करावे लागते. तेथे जपून लिहिणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि चुकले तरी माणूस सापडेल अशी व्यवस्था करणे ही प्रणाली बनवणाऱ्याची.

वाचनालयात आम्ही शेवटी प्रत्येक पुस्तकाच्या दोन नोंदी ठेवल्या. एक वाचकाला दिसणारी, मुखपृष्ठावर आहे तशीच, जुना अनुस्वार असेल तर त्यासकट. दुसरी फक्त यंत्रासाठी, जिच्यात दोन्ही प्रकारचे अर्धे र एक केले, ‘ॲ’चे तिन्ही अवतार एक केले, वेलांट्या आणि उकार ऱ्हस्व केले आणि टिंबे काढली. शोधखिडकीत आलेला शब्दही त्याच चाळणीतून जातो. त्यानंतरच्या आठवड्यात एक आजोबा आले, त्यांनी एका बोटाने सावकाश ‘दर्‍याखोर्‍या’ असे टंकले, आणि सगळी पुस्तके एकाखाली एक पडद्यावर आली.