डासजन्य रोगप्रतिबंधाचे शालेय शिक्षण

हिवताप, डेंग्यू, चिकुनगुनिया, हत्तीरोग अशा डासांमार्फत पसरणाऱ्या रोगांची ओळख आणि ते टाळण्याची कामे शाळकरी मुलांना शिकवणारा आरोग्यशिक्षणाचा भाग. यात माहिती बेताची आणि हाताने करायची कामे भरपूर असावीत, असे अपेक्षित असते. अनेकदा घडते ते उलट: रोगांची नावे पाठ होतात आणि कुंडीखालच्या ताटलीतले पाणी तसेच राहते.

डास रोग पसरवतो हे ज्ञान फार जुने नाही. क्यूबातील वैद्य कार्लोस फिनले यांनी 1881 मध्ये पीतज्वर डासामुळे पसरतो असे मांडले. 20 ऑगस्ट 1897 रोजी ब्रिटिश वैद्य रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे ॲनोफिलिस डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी आढळले. हा दिवस जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो. शाळेतील कार्यक्रमाला ही तारीख सोयीची आहे, पण एका दिवसाच्या कार्यक्रमाने डासांची पैदास थांबत नाही.

परिसरात कोणता रोग आढळतो, यावर धड्याचा आशय ठरतो. हिवताप पसरवणारी ॲनोफिलिसची मादी मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते, म्हणून तिथे मच्छरदाणी कामाची. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. मुले तेव्हा वर्गात, मैदानावर किंवा वाटेत असतात. मच्छरदाणीपुरता धडा अशा भागात अपुरा पडतो. ‘घाण पाणी साचू देऊ नका’ ही घोषणाही दिशाभूल करते, कारण एडिसला घरातले स्वच्छ पाणी चालते: पिंप, फुलदाणी, उघडी टाकी, अंगणातला जुना टायर.

या शिक्षणातले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे जिवंत अळी. काचेच्या बरणीत अळ्या ठेवून तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधली, की अळी, कोष आणि डास हे रूपांतर मुलांना रोज पाहता येते. ॲनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. एडिस आणि हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासाच्या अळ्या शेपटाकडची श्वासनळी वर धरून डोके खाली करून लोंबकळतात. ज्याने हे एकदा पाहिले, त्याला घरच्या पिंपातली वळवळ ओळखू येते. बरणीत डास तयार झाले तर ते बाहेर सुटणार नाहीत, याची जबाबदारी शिक्षकांची.

उबदार हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’, म्हणजे साठवलेल्या पाण्याची सर्व भांडी रिकामी करण्याचा दिवस, पाळण्यामागचा हिशेब हाच. मात्र नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. त्यामुळे भांडे आतून घासणे हा कृतीचा अर्धा भाग आहे आणि नेमका तोच धड्यांतून गळतो. सुट्टीच्या काळात शाळेतल्याच टाक्या आणि स्वच्छतागृहातली भांडी तशीच पडून राहतात. शाळा उघडण्याआधी ती तपासावी लागतात.

मुलांच्या शिकण्याचा रोगावर परिणाम होतो का, हे सिद्ध करणे अवघड असते, कारण शाळा हा सहसा मोठ्या मोहिमेचा एक धागा असतो. निकाराग्वा व मेक्सिकोतील ‘कामिनो वेर्दे’ या लोकसहभागाच्या चाचणीत मोहीम राबवलेल्या वस्त्यांमधील मुलांत डेंग्यूचा संसर्ग तुलनेने कमी आढळला; निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे श्रेय एकट्या शाळेला देता येत नाही.

मूल्यमापनासाठी लेखी परीक्षेपेक्षा घरोघरची मोजणी उपयोगी ठरते. तपासलेल्या घरांपैकी किती टक्के घरांत अळ्या सापडल्या, हा गृह निर्देशांक. दर 100 घरांमागे अळ्या असलेली किती भांडी, हा ब्रेटो निर्देशांक. दोन्ही आकडे वरच्या वर्गातील मुलांना गणिताच्या तासाला काढता येतात. पहिल्या फेऱ्यांत हे आकडे वाढलेले दिसले तरी पैदास वाढलीच असे नाही. मुलांची नजर तयार होऊ लागल्यानेही अधिक अळ्या सापडू शकतात.