तंबू सरहद्दीवर, धान्य घरात: २००३च्या इराक युद्धाआधीच्या मदततयारीची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २००३. बगदादमधल्या घरांत जिन्याखाली, पलंगाखाली, पाहुण्यांच्या खोलीत पिठाची पोती रचून ठेवलेली होती. अमेरिका हल्ला करणार असं धरून इराकी सरकारने रेशन आगाऊ वाटायला घेतलं होतं, एका खेपेला दोन-दोन महिन्यांचं. ज्यांना परवडत होतं ते अंगणात बोअर मारून घेत होते. वीज गेली की पाठोपाठ पाणीही जातं, हे १९९१च्या बॉम्बफेकीत सगळ्यांनी भोगलं होतं.

त्याच सुमाराला शेजारच्या जॉर्डनमध्ये, इराकच्या सरहद्दीपासून तासाभराच्या अंतरावर, रुवेशिद नावाच्या वाळवंटी गावाजवळ निर्वासितांच्या छावण्यांसाठी जागा तयार होत होती. लोक घरात दडून बसायची तयारी करत होते आणि जग त्यांच्या घराबाहेर पडण्याची. या दोन तयाऱ्यांचा मेळ का बसला नाही, ते समजायला तेरा वर्षं मागे जावं लागतं.

ऑगस्ट १९९०मध्ये सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा तिथे काम करणारे लाखो परदेशी अडकले: इजिप्शियन, फिलिपिनो, बांगलादेशी, श्रीलंकन आणि भारतीय. बाहेर पडायची मुख्य वाट, बगदादमार्गे जॉर्डनची सरहद्द. दोन चौक्यांमधल्या ओसाड पट्ट्यात, भर उन्हात, पाण्याच्या टँकरभोवती माणसांची झुंबड उडालेली, अशी ती दृश्यं. आपल्याकडे या प्रकरणाची आठवण वेगळी आहे. अम्मानहून मुंबईला एअर इंडियाची एकामागून एक विमानं सुटली. सुमारे दोन महिन्यांत चारशेहून जास्त उड्डाणं झाली आणि लाखाहून अधिक माणसं हवाईमार्गे मायदेशी आली. आपण ही गोष्ट सुटकेची म्हणून सांगतो. मदतसंस्थांच्या लेखी ती फजितीची होती. वाळवंटात लोक येऊन धडकले तेव्हा तंबू, पाणी, संडास यातलं काहीच पुरेसं नव्हतं.

दुसरा धक्का १९९१च्या वसंतात बसला. कुवेतवरून झालेलं युद्ध हरलेल्या सद्दामने उत्तर इराकमधल्या कुर्दांचं बंड चिरडलं आणि दहा लाखांहून अधिक माणसं तुर्कस्तान आणि इराणच्या डोंगरांकडे पळाली. इराणने बहुतेकांना आत घेतलं. तुर्कस्तानने मात्र दार लावलं. बर्फाळ उतारांवर लहान मुलं दगावू लागली, ते जगाने टीव्हीवर पाहिलं. ५ एप्रिलला सुरक्षा परिषदेने ६८८ क्रमांकाचा ठराव केला, त्यात मदतसंस्थांना तात्काळ प्रवेश द्या असं इराकला बजावलं, आणि पाठोपाठ अमेरिका-ब्रिटनच्या फौजा उत्तर इराकमध्ये ‘सुरक्षित पट्टा’ आखायला उतरल्या. तुर्कस्तानने यातून एक धडा पक्का गिरवला. पुढच्या वेळी निर्वासितांना अडवायचं ते सरहद्दीच्या पलीकडेच, इराकच्या जमिनीवर.

सेनापती नेहमी मागचं युद्ध लढतात, असं म्हणतात. मदतीच्या धंद्यातले लोकही त्याला अपवाद नाहीत. २००२मध्ये नकाशे उघडले गेले तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तो ओसाड पट्टा आणि ते बर्फाळ डोंगर होते.

मधल्या बारा वर्षांत इराकमध्ये मात्र वेगळंच काही उभं राहिलं होतं. कुवेतवरच्या आक्रमणानंतर आर्थिक निर्बंध लागले आणि महिन्याभरात सरकारने देशभर रेशन सुरू केलं. संयुक्त राष्ट्रांशी झालेल्या १९९६च्या करारानंतर तेलाच्या बदल्यात अन्न घ्यायची मुभा मिळाली. त्यातलं पहिलं धान्य १९९७च्या मार्चमध्ये पोचलं. मराठी वाचकाला ही यंत्रणा समजावून सांगायला नकोच. कार्ड, यादी, ठरलेला दुकानदार आणि महिन्याची रांग. फरक एवढाच, की तिथे कार्ड गरीब-श्रीमंत सगळ्यांकडे होतं. माणशी दरमहा साधारण नऊ किलो पीठ, तीन किलो तांदूळ, दोन किलो साखर, शिवाय डाळ, तेल, चहा, मीठ, साबण. किंमत माणशी २५० दिनार, म्हणजे नाममात्र. देशभर चाळीस हजारांहून जास्त रेशन एजंट होते आणि त्यातले कित्येक गल्लीतले किराणा दुकानदारच. कुणाच्या घरी बाळ झालं, कोण वारलं, याची खबर त्यांना सरकारच्या आधी लागायची.

देशाच्या सुमारे साठ टक्के लोकांचा, म्हणजे दीड कोटीहून जास्त माणसांचा, जगण्याचा मुख्य आधार हे रेशन होतं. महिन्याला लागणारं धान्य पावणेपाच लाख टनांच्या घरात. सद्दामच्या राजवटीने या कार्डाचा लगामासारखा वापर केला, हेही खरं. पण व्यवस्था चालत होती. युद्धाने ती बंद पडली, तर जगातली कुठलीही संस्था तिची जागा घेऊ शकत नव्हती. खरी टांगती तलवार होती ती ही. ट्रक आणि उम्म कस्र बंदर चालू राहणं आणि रेशन चालवणाऱ्या व्यापार खात्याच्या याद्या शाबूत राहणं, यावर सगळं अवलंबून होतं.

आता २००२च्या हिवाळ्याकडे येऊ. संयुक्त राष्ट्रांची पंचाईत अवघड होती. नोव्हेंबरमध्ये शस्त्रनिरीक्षक इराकमध्ये परतले होते आणि युद्ध टळू शकतं अशी संघटनेची अधिकृत भूमिका होती. अशा वेळी तंबू, सलाईन, धान्याचे साठे उघडपणे मागवायचे म्हणजे युद्ध होणारच, असं आपल्याच तोंडाने कबूल करायचं. आणि न मागवावे तर १९९१ पुन्हा. मग सगळं कुजबुजत चाललं. डिसेंबरमध्ये निवडक देणगीदार देशांकडे गुपचूप ३ कोटी ७० लाख डॉलर मागण्यात आले. १० डिसेंबरचा एक गोपनीय अंदाज जानेवारीत फुटला आणि त्यातले आकडे जगभर छापून आले: पाच लाख लोकांना उपचार लागू शकतील, नऊ लाख निर्वासितांना मदत लागेल. संयुक्त राष्ट्रांच्याच निर्वासितांसाठीच्या संस्थेने आपल्या तयारीसाठी सहा लाखांचा आकडा धरला होता. देणाऱ्यांचे हात मात्र आखडतेच राहिले. युद्धाला विरोध असलेल्या युरोपीय देशांना त्याच्या उस्तवारीचा खर्च आगाऊ उचलायचा नव्हता.

१५ आणि १६ फेब्रुवारीला स्वित्झर्लंडने जिनिव्हात खास याच विषयावर बैठक बोलावली. इराकच्या शेजाऱ्यांसह तीसेक देशांना निमंत्रण गेलं. इराकला बोलावलंच नव्हतं आणि अमेरिका आली नाही. नेमक्या त्याच शनिवारी लंडन, रोम, माद्रिदच्या रस्त्यांवर लाखो लोक युद्धाविरुद्ध उतरले होते. वराकडचं कुणी नाही, वधूकडचं कुणी नाही आणि मांडवात जेवणाच्या पंगतीची चर्चा, असा तो प्रकार.

सरहद्द म्हणून एक शब्द आपण वापरतो, पण इराकला सहा देशांच्या सरहद्दी आहेत आणि प्रत्येक दाराची किल्ली वेगळ्या खिशात होती. इराणकडे वीस लाखांवर अफगाण निर्वासित आधीच होते. त्याने सरहद्दीलगत छावण्यांच्या जागा हेरल्या, पण दार उघडणार असं म्हटलं नाही. तुर्कस्तानच्या संसदेने १ मार्चला अमेरिकी फौजांना वाट देणारा ठराव अडवला आणि उत्तरेची गणितं फिरली. जॉर्डनने रुवेशिदला दोन छावण्यांची परवानगी दिली, एक इराकींसाठी आणि एक ‘तिसऱ्या देशांच्या’, म्हणजे इराकमध्ये राहणाऱ्या परदेशी, नागरिकांसाठी. या दुसऱ्या छावणीत १९९०ची आठवण स्पष्ट दिसते.

कुवेतचा मामला सगळ्यात गुंतागुंतीचा. तिथे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना १९९१पासून निःसैन्य पट्टा होता, दहा किलोमीटर इराककडे आणि पाच किलोमीटर कुवेतकडे. मध्ये वाळूचा बांध, खंदक, विजेचं कुंपण आणि गस्तीला संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक. मार्चच्या सुरुवातीला या निरीक्षकांना कुंपणात ठिकठिकाणी रुंद फटी पाडलेल्या आढळल्या. त्या मदतीच्या ट्रकांसाठी नव्हत्या, हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. ट्रकांसाठी वेगळी व्यवस्था होती. कुवेत सरकारने अली अल-मुमिन या निवृत्त जनरलच्या हाताखाली मानवतावादी कारवाई केंद्र उघडलं. कुवेती अधिकारी, अमेरिकी-ब्रिटिश लष्कराचे नागरी विभाग आणि मदतसंस्था यांना एका छताखाली बसवायचं, रोज माहिती द्यायची, नोंदणी करायची आणि कुणाचा ताफा कधी पलीकडे जाणार ते ठरवायचं.

कागदावर सोयीचं. पण पास देणारा कोण? जो रस्ता लष्कराच्या ताब्यात, त्यावर कुठलं गाव ‘सुरक्षित’ हे लष्करच सांगणार. अशा ताफ्यातून आलेली पाण्याची बाटली गावकऱ्याच्या नजरेत कुणाची ठरणार? अफगाणिस्तानच्या वेळी, २००१मध्ये, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी स्वयंसेवी संस्था आपल्या लढाऊ पथकाचाच महत्त्वाचा भाग असल्याचं कौतुकाने म्हटलं होतं. संस्थांना ते कौतुक नको होतं. ऑक्सफॅमने युद्ध करणाऱ्या सरकारांचा पैसा घेणार नाही असं जाहीर केलं. रेडक्रॉसने वेगळा मार्ग धरला. त्यांची माणसं सरहद्दीवर वाट बघत बसली नाहीत, ती बगदादमध्येच थांबली. आणि एक गंमत अशी, की अमेरिकी संस्थांना इराकमध्ये जाऊन गरज काय आहे ते पाहायचं तर आपल्याच सरकारचा निर्बंधविषयक परवाना लागायचा. तो महिनोन्महिने मिळत नव्हता. लष्करी योजना तयार, पण पलीकडे विहिरी किती आणि जनरेटर किती, ते मोजायला कुणाला जाता येईना. युद्धोत्तर मदतीसाठी निवृत्त जनरल जे गार्नर यांचं कार्यालय पेंटागॉनने स्थापन केलं तेच मुळी २० जानेवारीला, हल्ल्याच्या जेमतेम दोन महिने आधी.

१८ मार्चला संयुक्त राष्ट्रांचे परदेशी कर्मचारी बगदादमधून निघाले. त्यांचे मदत समन्वयक रामिरो लोपिस दा सिल्वा यांचा तळ सायप्रसमधल्या लार्नाकात गेला. इराकी कर्मचारी, हजारोंच्या संख्येने, मागे राहिले. २०च्या पहाटे बॉम्ब पडायला लागले.

२६ मार्चला कुवेती रेड क्रिसेंटचे (मुस्लिम देशांत रेडक्रॉसचं नाव हे) ट्रक सरहद्दीलगतच्या सफवान गावात शिरले. ना यादी, ना रांग. ट्रकवरून खोकी फेकली गेली, धडधाकट तरुणांनी ती पळवली आणि बायका-म्हातारे मागे राहिले. गावात रेशनचा एजंट होता, त्याला कुणी विचारलं नाही. दोन दिवसांनी ब्रिटिश नौदलाचं ‘सर गॅलहॅड’ जहाज उम्म कस्रला लागलं. त्याच्यापुढे सुरुंग शोधायला शिकवलेले डॉल्फिन सोडले होते, त्यामुळे कॅमेऱ्यांची चंगळ झाली. जहाजात माल होता दोन-तीनशे टन. महिन्याला पावणेपाच लाख टनांच्या हिशेबाने तो देशाचा अर्ध्या तासाचाही शिधा होत नाही. त्याच २८ तारखेला सुरक्षा परिषदेने तेलाच्या पैशांतून धान्य आणायचे अधिकार ४५ दिवसांपुरते सरचिटणीसांकडे दिले. त्याचे फोटो निघाले नाहीत, पण पोटाला लागणारं काम ते होतं.

रुवेशिदला पहिल्या आठवड्यांत आले ते मुख्यतः सुदानी, सोमाली असे परदेशी, काही शेकडा. इराकी आलेच नाहीत म्हणा ना. उलट जॉर्डनमध्ये राहणारे हजारो इराकी बसमध्ये बसून बगदादकडे, घरच्यांजवळ, निघाले. घरातली पोती तोवर पुरली. जूनमध्ये रेशन पुन्हा सुरू झालं, त्याच याद्या आणि त्याच दुकानदारांमार्फत. सहा-सात महिन्यांत जागतिक अन्न कार्यक्रमाने शेजाऱ्यांच्या रस्त्यांनी मिळून वीस लाख टनांहून जास्त धान्य आत नेलं.

इराकी घर सोडून निघाले ते २००६नंतर. सामर्‍यातल्या अल-अस्करी मशिदीचा घुमट उडवला गेला आणि गल्लीगल्लीत शिया-सुन्नी कत्तली सुरू झाल्या तेव्हा. सीरिया आणि जॉर्डनमध्ये लाखोंनी लोक पोचले, ते तंबूंत नाही तर दमास्कस आणि अम्मानच्या भाड्याच्या खोल्यांत. रुवेशिदच्या छावणीत तोवर उरले होते इराकमधून निघालेले पॅलेस्टिनी, ज्यांना घ्यायला कुठलाही शेजारी तयार नव्हता. साडेचार वर्षं वाळूच्या वादळांत काढल्यावर २००७च्या शेवटी त्यांच्यातल्या अखेरच्या शंभरेक जणांना ब्राझीलने घेतलं, आणि छावणी बंद झाली.