उपडी नळी: जिवाणूंच्या शर्करा-चाचण्या आल्या कुठून?

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या कुणालाही ती नळी आठवेल. ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवायचा पातळ रस्सा, भरलेल्या टेस्ट ट्यूबमध्ये उपडी घातलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी. दुसऱ्या दिवशी तिच्या टोकाशी बुडबुडा अडकलेला दिसला की वहीत लिहायचं, 'ॲसिड आणि गॅस, पॉझिटिव्ह.' या बुडबुड्यामागे मुळात विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची धास्ती होती, हे मात्र वहीत कुठेच येत नाही.

टायफॉइडचा जिवाणू एबर्थने 1880 मध्ये पाहिला आणि गाफ्कीने 1884 मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. लगेच 1885 मध्ये म्युनिकच्या थिओडोर एशेरिशने तान्ह्या बाळांच्या शौचातून आणखी एक जिवाणू वेगळा केला, आजचा ई. कोलाय. आणि पंचाईत झाली. सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही सारखेच: आखूड दांडी, तसेच रंगणारे, तसेच वळवळणारे. एक माणसं मारणारा, दुसरा प्रत्येकाच्या आतड्यात सुखाने नांदणारा. चेहऱ्यावरून ओळख पटेना, तेव्हा 'खातो काय' हे विचारायची वेळ आली.

उत्तर दुधातल्या साखरेत, लॅक्टोजमध्ये सापडलं. कोलाय ती आंबवतो, आम्ल आणि वायू सोडतो. टायफॉइडचा जिवाणू तिला हात लावत नाही. ग्लुकोज तो खातो, पण वायू न सोडता. यामागचं रसायन नंतर उमगलं: कोलाय फॉर्मिक आम्ल फोडून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतो, ती सोय टायफॉइडच्या जिवाणूपाशी नाही.

वायू मोजण्यासाठी अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथने एका बाजूने बंद असलेली वाकडी काचनळी वापरात आणली. मधुमेह्यांच्या लघवीतली साखर यीस्टने आंबवून तपासायला डॉक्टर तसलीच नळी वापरत. स्मिथच्या लक्षात आलं की मांसाच्या ब्रॉथमध्ये स्नायूंची स्वतःची थोडी साखर असतेच आणि ती निकाल बिघडवते. त्याने तोडगा काढला तो झकास: आधी त्याच ब्रॉथमध्ये कोलाय वाढवून ती साखर संपवायची, मग ब्रॉथ निर्जंतुक करून हवी ती साखर घालायची. हीच नळी 1892 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन आणि मोहॉक नद्यांच्या पाण्याला लावली गेली. नदीत टायफॉइडचे जिवाणू शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. त्यापेक्षा कोलाय सापडला तर पाण्यात मैला मिसळला आहे एवढं तरी कळतं.

वाकडी नळी महाग आणि धुवायला कटकटीची. इंग्लंडच्या हर्बर्ट डरहॅमने 1898 मध्ये साध्या टेस्ट ट्यूबमध्ये छोटी नळी उपडी घातली आणि काम झालं. ती भरावीही लागत नाही: निर्जंतुक करताना उष्णतेने आतली हवा बाहेर पडते, थंड होताना ब्रॉथ आपोआप वर चढतो.

त्याच 1898 मध्ये फोगेस आणि प्रोस्काउअर या जर्मन संशोधकांनी ग्लुकोजमध्ये वाढवलेल्या जिवाणूंवर पोटॅशचं द्रावण ओतलं. काही जातींत चोवीस तासांनी वरच्या थरात लालसर रंग उमटला. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात प्रामाणिक चाचणी: रंग येतो, नोंदवा, कारण मागाहून बघू. कारण कळायला आठ वर्षं गेली. 1906 मध्ये हार्डन आणि वॉलपोल यांनी दाखवलं की 'एरोजिनीस' जातीचे जिवाणू ग्लुकोजपासून ॲसिटोइन बनवतात. पोटॅशसारखं अल्कली आणि हवा मिळाली की त्यातून तो रंग येतो. अल्फा-नॅफ्थॉल हे रसायन घालून चाचणी चटकन दिसेल अशी करण्याचं काम बॅरिटने केलं, 1936 मध्ये.

मधल्या काळात पाणी तपासणाऱ्यांपुढे नवा पेच होता. लॅक्टोज आंबवणारा प्रत्येक जिवाणू आतड्यातलाच असतो असं नाही. एरोजिनीस तर धान्यावर आणि मातीतही सापडतो. अमेरिकी कृषी खात्याच्या दुग्ध विभागातल्या क्लार्क आणि लब्ज यांनी 1915 मध्ये मिथाइल रेड, म्हणजे तीव्र आम्लात लाल आणि एरवी पिवळा दिसणारा रंग, वापरून कोलाय आणि एरोजिनीसला वेगळं काढलं. कोलाय आम्लं साठवत जातो, त्यामुळे पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) 4.4 च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो आणि रंग लाल राहतो. एरोजिनीस सुरुवातीला आम्ल करतो, पण पुढे त्यातून उदासीन पदार्थ बनवतो, म्हणून रंग पिवळा पडतो. घाई करून पहिल्याच दिवशी नळी पाहिली तर दोन्ही लाल दिसू शकतात. निकाल चुकण्याचं हे जुनं कारण अजूनही टिकून आहे.

दरम्यान लिव्हरपूलच्या मॅकॉन्कीने पित्तक्षार आणि लॅक्टोज एकत्र आणून आतड्याबाहेरच्या बऱ्याच जिवाणूंना दूर ठेवणारं माध्यम बनवलं होतं; 1905 पर्यंत त्यात न्यूट्रल रेड हा आम्लाने रंग बदलणारा पदार्थ आला आणि लॅक्टोज खाणाऱ्या जिवाणूंच्या वसाहती गुलाबी दिसू लागल्या. पुढची पायरी एकाच नळीत अनेक साखरा घालण्याची. नळीत माध्यम तिरपं गोठवलेलं असतं, वर उतार आणि खाली तळ, आणि आम्ल झालं की ते लालाचं पिवळं होतं. तिथे खुबी प्रमाणात आहे: लॅक्टोजच्या दहावा हिस्सा ग्लुकोज. ते संपलं की उताराचा भाग पुन्हा लाल होतो, तळ पिवळाच राहतो. टायफॉइडचा संशयित असाच ओळखू येतो. जिवाणू ऑक्सिजनशिवाय साखर आंबवतात की ती फक्त हवेतच वापरतात, हे वेगळं करणारी ह्यू आणि लाइफसनची चाचणी 1953 ची.

लॅक्टोजने मात्र एक कोडं राखून ठेवलं होतं. 1907 मध्ये मासिनीने असा कोलाय पाहिला, ज्याच्या पांढऱ्या वसाहतींवर काही दिवसांनी लाल पुटकुळ्या उगवत. लॅक्टोज न खाणाऱ्यांत खाणारे जन्माला येत होते. काही जिवाणूंपाशी लॅक्टोज फोडणारं विकर असतं, पण साखर आत घेणारं दार नसतं, हेही नंतर कळलं. शिगेला सोनेई ही आमांशाच्या जिवाणूची जात हे त्याचं ठळक उदाहरण: लॅक्टोज आंबवायला तिला कित्येक दिवस लागतात. ओएनपीजी हा लॅक्टोजसारखा, त्याच विकराने फुटला की पिवळा होणारा पदार्थ मात्र त्या दाराविना आत शिरतो, म्हणून त्या चाचणीत तिची नळी काही तासांतच पिवळी होते.